थंडीच्या लाटेत पर्पल मार्टिनला कसं जगवायचं

वसंतात पर्पल मार्टिन पक्षी मरतात ते बहुतेक वेळा उपासमारीने. थंडी हे निमित्त. अंगणातल्या मार्टिनघरात बल्ब लावावा का, दाण्याचं भांडं टांगावं का, कधी धावपळ करावी आणि कधी स्वस्थ बसावं, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं या एका गोष्टीतून निघतात. न्यू जर्सी, इलिनॉय, टेक्सस किंवा टोरोंटोकडे ज्यांच्या मागच्या अंगणात उंच खांबावर पांढरं मार्टिनघर किंवा टांगलेले प्लास्टिकचे भोपळे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

पर्पल मार्टिन हा आपल्या भिंगऱ्यांच्या कुळातला, उत्तर अमेरिकेतला त्या कुळातला सगळ्यात मोठा पक्षी. मोठा म्हणजे तरी किती, तर वजन पन्नास-साठ ग्रॅम. तो हिवाळा दक्षिण अमेरिकेत, मुख्यतः ब्राझीलकडे काढतो आणि वसंतात उत्तरेला येतो. रॉकी पर्वताच्या पूर्वेकडचे मार्टिन आज जवळजवळ पूर्णपणे माणसाने टांगलेल्या घरांवर अवलंबून आहेत. चॉक्टॉ आणि चिकसॉ या अमेरिकेतल्या मूळ जमातींचे लोक पोकळ भोपळे टांगून त्यांना जागा देत आले, तेव्हापासूनची ही सोबत आहे.

खाणं मात्र तो स्वतःच मिळवतो, तेही उडता उडता: चतुर, पतंग, भुंगे, माश्या, पंख फुटलेल्या मुंग्या. (डास फस्त करतो म्हणून बरेच जण मार्टिनघर विकत घेतात. तो गैरसमज आहे. मार्टिन दिवसा आणि उंचावर शिकार करतो, डासांची गर्दी तेव्हा आणि तिथे नसते.) दाणे, पाव, भात, सुएटच्या, म्हणजे चरबीच्या, वड्या यांना तो ढुंकूनही पाहत नाही. म्हणून दाण्याची सोय करून त्याला वाचवता येत नाही. रातकिडे आणि शिजवलेलं अंडं मात्र त्याला खायला शिकवता येतं.

धोका कधी सुरू होतो

हवामानाच्या अंदाजात दिवसाचं कमाल तापमान पाहा. रात्री पारा गोठणबिंदूपर्यंत गेला तरी दुपारी ऊन पडून ५५-६० अंश फॅरनहाइट होणार असेल, तर दुपारच्या तीन-चार तासांत मार्टिन पोट भरून घेतो. पण दिवसाचं तापमान ५० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे १० अंश सेल्सिअसच्या, वर जाणारच नसेल तर किडे उडत नाहीत. जोडीला पाऊस किंवा झोंबरा वारा असेल तर ५२-५३ अंशांनाही हवा रिकामीच असते. उलट ४८ अंश, पण लख्ख ऊन आणि वारा पडलेला, अशा दिवशी जवळ तळं असेल तर पाण्यावर थोडंफार मिळून जातं.

असा एक दिवस पक्षी अंगातल्या चरबीवर काढतो. दुसऱ्या दिवशी तो घरातून कमी बाहेर पडतो. तिसऱ्या दिवशी स्नायू झिजायला लागतात, आणि चौथ्या दिवशी मरायला सुरुवात होते. लांबचा प्रवास करून नुकताच पोचलेला, चरबी संपलेला पक्षी याआधीच गळतो.

सगळ्यात आधी येतात ते मोठे, अनुभवी पक्षी. मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर आणि दक्षिण टेक्ससमध्ये जानेवारीच्या उत्तरार्धात, न्यू जर्सी-पेन्सिल्व्हेनियाकडे मार्चअखेर ते एप्रिलमध्ये, मिशिगन-मिनेसोटाकडे एप्रिलच्या मध्यावर. वर्षभराचे तरुण पक्षी त्यानंतर कित्येक आठवड्यांनी पोचतात. लवकर आल्याने चांगली जागा पटकावता येते, पण थंडीचा मारही याच पक्ष्यांना बसतो, आणि वसाहतीतले सगळ्यात भरवशाचे वीण करणारेही हेच असतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सस आणि लुइझियानात गोठवणारी लाट आली, तेव्हा आधी आलेले असंख्य मार्टिन असेच गेले.

साठा आधी करायचा

वादळ आल्यावर खाद्य मागवू म्हणणाऱ्याचा बेत इथेच फसतो. जिवंत रातकिडे विकणारे विक्रेते कडाक्याच्या थंडीत पार्सल पाठवत नाहीत, पाठवलं तर निम्मे वाटेत मरतात. म्हणून तुमच्या भागात मार्टिन येण्याच्या महिनाभर आधी साठा फ्रीझरमध्ये असायला हवा.

पाळीव सरड्यांसाठी किंवा मासेमारीच्या गळाला लावण्यासाठी विकले जाणारे रातकिडे चालतात. मोठ्या आकाराचे, म्हणजे पाऊण ते एक इंच लांबीचे घ्या. लहान रातकिडे हवेत नीट फेकले जात नाहीत आणि पक्ष्याला लांबून दिसत नाहीत. अंगणात पकडलेले किडे वापरू नका. शेजारच्या लॉनवर काय फवारलं होतं ते तुम्हाला माहीत नसतं.

हजाराचं खोकं आलं की एक दिवस त्यांना गाजराचे काप आणि ओट्स द्या. रिकाम्या पोटाच्या रातकिड्यात पक्ष्याला फारसं काही मिळत नाही. दुसऱ्या दिवशी अंड्यांच्या पुठ्ठ्यांचे तुकडे, विष्ठा आणि आधीच मेलेले किडे बाजूला काढा, बाकीचे झिपच्या पिशव्यांत अडीचशे-अडीचशे भरा आणि पिशव्या सपाट ठेवून गोठवा. सपाट ठेवल्या नाहीत तर त्यांचा ढेकळासारखा गोळा होतो आणि ऐन घाईत तो फोडत बसावं लागतं. पिशवीवर तारीख घाला. घरच्या फ्रीझरमध्ये मटार आणि खोवलेल्या नारळाच्या शेजारी रातकिडे ठेवायला घरातून विरोध होणारच, आणि तो रास्त आहे. गॅरेजमध्ये एक छोटा फ्रीझर परवडतो.

किती लागतील? मोठ्या पक्ष्यामागे दिवसाला तीस ते चाळीस मोठे रातकिडे धरा. बारा पक्षी असतील तर एका दिवसाला ४८०, तीन दिवसांना १,४४०. हा खर्च अंगावर येतो, म्हणून बहुतेक जण रातकिडे शिकवण्यापुरते आणि पहिल्या दिवसापुरते वापरतात आणि पुढे अंड्यांवर येतात. बारा पक्ष्यांच्या वसाहतीसाठी पाचशे ते साडेसातशे रातकिडे आणि दोन डझन अंडी हाताशी असली की निभावतं.

मीलवर्म, म्हणजे भुंगेऱ्याच्या अळ्या, चालतात. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात कोंड्यात ठेवल्या तर काही आठवडे टिकतात. पण त्यांत कॅल्शियम फार कमी असतं, म्हणून सगळा आहार त्यांच्यावर नको. वाळवलेले रातकिडे किंवा अळ्या घेतल्या तर अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा. कोरडे किडे वजनाने इतके हलके असतात की फेकले तर वाऱ्यावर भरकटतात, आणि त्यांत पाणीही नसतं. मार्टिनला बरंचसं पाणी खाण्यातूनच मिळतं.

फेकायला शिकणं

मार्टिन हवेतलं खाद्य ओळखतो. ताटात निपचित पडलेला रातकिडा त्याच्या लेखी खाद्यच नसतो. म्हणून सुरुवात फेकण्यानेच करावी लागते, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

साधन साधं. लांब दांडीचा लवचीक प्लास्टिकचा चमचा, बस्स. एका हाताने दांडी धरा, चमच्यात एक रातकिडा ठेवा, दुसऱ्या हाताच्या बोटाने चमच्याचं टोक मागे ओढून सोडा. थोड्या सरावाने रातकिडा वीस-पंचवीस फूट, म्हणजे दोन मजली घराच्या छपराइतका उंच जातो. जोर कमी पडत असेल तर बेचकी वापरा, पण तिचा चामड्याचा पट्टा रुंद हवा, नाहीतर रातकिडा चिरडतो. नेम पक्ष्यावर कधीच धरायचा नाही. त्याच्या पुढून, थोडा वरून जाईल असा धरायचा. हा सराव थंडीच्या आधी, पक्षी नसताना, भिजवलेल्या शेंगदाण्यांवर करून ठेवा.

रातकिडे फेकण्याआधी पूर्ण वितळलेले हवेत. पिशवी दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात धरली की होतं. गोठलेला रातकिडा गिळला तर तो गरम करायला पक्ष्याला अंगातलीच उष्णता खर्चावी लागते, आणि मुळात तीच उरलेली नसते. वितळल्यावर कागदावर टिपून घ्या, ओले रातकिडे चमच्याला चिकटतात.

खांबापासून वीस-तीस फुटांवर, वारा पाठीवर घेऊन उभे राहा. पक्षी घराभोवती उडत असतील तर सोपं आहे: त्याच्या वाटेत, त्याच्या थोडं पुढे रातकिडा उंच जाऊन खाली यायला लागेल असा फेका. पक्षी मार्टिनघराच्या ओसरीवर फुगून बसले असतील तर त्यांच्या नजरेसमोरून, तीन-चार फुटांवरून रातकिडा जाऊ द्या. पहिले दहा-वीस वाया जातील. पक्षी मान वळवून नुसते पाहतील. मग एखादा, बहुधा जुना नर, झेप घेतो. एकदा त्याने पकडला की बाकीच्यांना कळायला वेळ लागत नाही. पाच-दहा मिनिटांत सगळी वसाहत तुमच्या हाताकडे पाहायला लागते. एका वेळी एकच फेका. मूठभर फेकले तर पक्ष्याची नजर एकावर ठरत नाही.

अर्धा तास फेकूनही कोणी हललं नाही तर थांबा, दोन तासांनी पुन्हा या. पण त्या दिवशी हार मानून दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. दुसऱ्या दिवशीही पक्षी उडून पकडू शकतो. चौथ्या दिवशी त्याच्या अंगात उठायची ताकद नसते, आणि तेव्हा कितीही रातकिडे उधळले तरी ते गवतात पडतात. कामाची सगळी गोम या वेळेत आहे: अंदाजात सलग दोन थंड दिवस दिसले की पहिला पूर्ण उपाशी दिवस संपताच दुसऱ्या सकाळी फेकायला सुरुवात करायची.

खरं तर याहून सोपी वाट आहे. पक्षी आल्यावर, हवा बरी असतानाच, आठवड्यातून दोन-तीनदा संध्याकाळी दहा-वीस रातकिडे फेकत राहा. मार्टिन दरवर्षी त्याच जागी परततो, त्यामुळे एकदा शिकलेला पक्षी पुढच्या वसंतात तुमचा चमचा दिसताच खाली येतो, आणि नवख्यांना तोच शिकवतो.

ताट

फेकणं हा शिकवण्याचा मार्ग. तीन दिवस पाऊस लागला तर वीस पक्ष्यांना चमच्याने भरवणं जमणारं नाही. कोपर दुखतं, नोकरीवरही जावं लागतं. म्हणून उंचावर ताट हवं.

बारा इंच बाय अठरा इंचांची लाकडी चौकट, तळाला बारीक जाळी म्हणजे पाणी साचत नाही, आणि दीड इंचाची कड म्हणजे वाऱ्याने खाद्य उडत नाही. कडेवर बोटाएवढ्या जाडीची गोल काठी बसवली की पक्ष्याला पकड मिळते. ताट मार्टिनघराच्याच खांबावर, घराच्या चार-पाच फूट खाली लावा, किंवा जवळच आठ-दहा फुटांच्या वेगळ्या खांबावर. दोरी आणि कप्पी लावली तर शिडी लागत नाही. ताटाची उंची कमी ठेवण्याचा मोह होतो, कारण भरायला सोपं जातं. पण मार्टिन जमिनीजवळ उतरायला बिचकतो, आणि मांजराला ते सोयीचं होतं.

पहिल्यांदा ताट भरताना रातकिडे कडेला आणि मध्ये विखरून ठेवा आणि त्याच वेळी ताटाच्या वरून फेकत राहा. फेकलेला रातकिडा पकडायला आलेला पक्षी ताट पाहतो. एखादा ताटात पडलेला उचलतो. तिथून पुढे गाडी आपोआप चालते. ताट हंगामाच्या सुरुवातीपासूनच तिथे असलं पाहिजे. ऐन थंडीत नवी वस्तू खांबावर चढवली तर बावरलेले पक्षी निम्मा दिवस तिच्याजवळ फिरकत नाहीत.

ताटावर स्टार्लिंग आणि मॉकिंगबर्ड येणारच. स्टार्लिंग साळुंकीच्या कुळातला, चार मिनिटांत ताट साफ करतो. म्हणून थोडं थोडं घाला, मार्टिन खात असताना उभं राहा, आणि ते निघून गेले की उरलेलं काढून घ्या.

अंडी

रातकिड्यांवर आलेला पक्षी अंड्यांवर लवकर वळतो. अंडी फेटा आणि कोरड्या नॉनस्टिक तव्यावर किंवा मायक्रोवेव्हमध्ये घट्ट शिजवा. तेल, तूप, दूध, मीठ यांतलं काहीही नको. भुर्जीची सवय असलेल्या हाताने कांदा घालायचा राहतो, पण तेल मात्र नकळत पडतं. पक्ष्याच्या पिसांना ते लागलं तर पिसं पाणी धरतात, आणि पावसात भिजलेला मार्टिन फार लवकर गारठतो. अंडं ओलसर राहिलं तर चमच्यालाही चिकटतं. तेव्हा थोडं जास्तच शिजवा.

गार झाल्यावर रातकिड्याएवढे, अर्ध्या इंचाचे तुकडे करा. पहिल्या वेळी तीन भाग रातकिडे, एक भाग अंडं असं मिसळून ताटात घाला. पुढच्या वेळी निम्मं-निम्मं, नंतर नुसतं अंडं. मधूनमधून अंड्याचे तुकडे चमच्याने फेकूनही दाखवा. वजनाने एक अंडं शंभरेक मोठ्या रातकिड्यांच्या जवळपास भरतं, त्यामुळे बारा पक्ष्यांना दिवसाला चार-पाच अंडी पुरतात. ताटातलं संध्याकाळी उरलेलं अंडं टाकून द्या, ताट गरम पाण्याने धुवा.

दिवसातून दोनदा द्या: सकाळी नऊ-दहाला, पक्षी बाहेर आल्यावर, आणि अंधार पडण्याच्या दोन तास आधी. दुसरी वेळ जास्त महत्त्वाची, कारण थंड रात्र त्याच खाण्यावर काढायची असते.

जोडीला अंड्यांची टरफलं. ती दहा मिनिटं उकळून, वाळवून, करंगळीच्या नखापेक्षा लहान चुरा करून वेगळ्या वाटीत ठेवा. उकळणं चुकवू नका, कच्च्या टरफलातून साल्मोनेला पक्ष्यांत पसरू शकतो. रातकिडे, मीलवर्म, सगळ्यांतच कॅल्शियमची कमतरता असते, आणि मादी अंडी घालायच्या बेतात असेल तर ही वाटी ताटाइतकीच कामाची आहे.

घर कोरडं ठेवणं

ओला पक्षी कोरड्या पक्ष्यापेक्षा कितीतरी लवकर संपतो, त्यामुळे थंडीच्या आधी घराची डागडुजी करा. सहा बाय सहा इंचांचे जुने कप्पे उथळ असतात, पावसाची सर थेट आत जाते. सहा बाय बारा इंचांच्या खोल कप्प्यात पक्षी मागे सरकून बसू शकतो. भोपळ्यांना दाराच्या वर छज्जा असतो तो जागेवर आहे ना पाहा, आणि तळाची पाण्याची भोकं तारेने मोकळी करा. प्रत्येक कप्प्यात इंचभर पाइनच्या वाळक्या सुया किंवा स्वच्छ पेंढा घाला. पेंढा भिजला की बदला, भिजलेला पेंढा नसलेल्यापेक्षा वाईट.

गारठ्यात मार्टिन एकाच कप्प्यात दाटीवाटीने झोपतात. ऊब मिळते, पण कप्पा लहान असेल आणि पक्षी फार असतील तर खालचे गुदमरतात. त्यावर आपल्याला करता येण्यासारखं एवढंच की आलेल्या पक्ष्यांना पुरेसे कप्पे उघडे ठेवायचे. रात्री किंवा तिन्हीसांजेला घर खाली उतरवून पाहू नका. घाबरून अंधारात उडालेला पक्षी परत आत येत नाही, आणि रात्र उघड्यावर काढल्यावर सकाळ पाहत नाही. तपासायचं असेल तर सकाळी उशिरा, खाणं दिल्यानंतर.

घरात बल्ब किंवा हीटर लावण्याविषयी: आम्ही लावू नका म्हणू. पेंढा आणि वीज एकत्र आली की आगीचा धोका असतो, आणि उबेने पोट भरत नाही. तेवढा वेळ आणि पैसा खाद्यावर घाला.

घर उघडं ठेवण्याने घरचिमण्या आणि स्टार्लिंगही घुसतात. आपल्याकडे चिमणी दिसेनाशी झाली म्हणून हळहळतात. तिकडे ती युरोपातून आणून सोडलेली आहे, मार्टिनची अंडी फोडते, आणि कायद्याचं संरक्षणही तिला नाही. तिची घरटी दर आठवड्याला काढा. स्टार्लिंगसाठी गोल भोकाऐवजी अर्धचंद्राकृती दार लावा: तीन इंच रुंद आणि एक इंच व तीन षोडशांश उंच. मार्टिन त्यातून सरपटत आत जातो, जाड छातीचा स्टार्लिंग बहुधा अडतो. पण दार लावताना ते ओसरीच्या पातळीला बसवा. अर्धा इंच वर गेलं की मार्टिनलाही जड जातं, आणि अशक्त पक्षी बाहेरच बसून राहतो.

खांबाला सापांपासून आणि रॅकूनपासून पत्र्याचं नळकांडं हवं. फुगून, हालचाल मंदावून उन्हात बसलेले मार्टिन कूपर्स हॉकला आयतेच सापडतात. हा आपल्या शिक्र्यासारखाच, झाडाआडून येणारा. म्हणून मार्टिनघर झाडांपासून निदान चाळीस फूट मोकळ्यावर असावं. थंडीत हा नियम मोडलेला असेल तर भरवायला तुम्ही स्वतः बाहेर उभे राहणं हीच राखण.

अशक्त पक्षी कसा ओळखायचा

दिवसा ओसरीवर फुगलेला गोळा, पंख खाली सोडलेले, डोळे अर्धे मिटलेले, जवळ गेलं तरी न उडणारा. घराखालच्या गवतावर ताजी विष्ठा दिसत नसेल तर पक्ष्यांच्या पोटात काही नाही, हे यावरून लवकर कळतं. यासाठी खांबाच्या तळाशी एक पांढरा पुठ्ठा किंवा जुनी चादर अंथरून ठेवली की अंदाज येतो.

उडू शकत नसलेल्या पक्ष्यांपर्यंत फेकून काही पोचत नाही. अशा वेळी, आणि फक्त अशाच वेळी, सकाळी घर हळूच, न हिसका देता, खाली घ्या आणि प्रत्येक दारात पाच-सहा वितळलेले रातकिडे किंवा अंड्याचे तुकडे ठेवून लगेच वर चढवा. पक्षी उडायला लागले तर थांबा, याचा अर्थ त्यांच्यात अजून ताकद आहे आणि चमचा पुरेल.

जमिनीवर पडलेला जिवंत पक्षी सापडला तर भोकं पाडलेल्या खोक्यात, टॉवेलवर, उबदार आणि अंधाऱ्या जागी ठेवा आणि लगेच परवानाधारक वन्यजीव पुनर्वसकाला फोन करा. त्यांचा नंबर हंगामाआधीच लिहून ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. घरी ठेवून बरा करण्याचा विचार मनातून काढा. अमेरिकेत १९१८ च्या मायग्रेटरी बर्ड ट्रीटी ॲक्टखाली, म्हणजे स्थलांतरित पक्ष्यांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली, परवान्याशिवाय मार्टिन बाळगता येत नाही, मेलेलाही नाही.

मेलेले पक्षी सापडले तर पायात कडं आहे का पाहा. असेल तर त्यावरचा नंबर आणि अक्षरं टिपून किंवा फोटो काढून अमेरिकेच्या बर्ड बँडिंग लॅबोरेटरीला ऑनलाइन कळवा. मग हातमोजे घालून पक्षी पुरा आणि त्या कप्प्यातला पेंढा बदला. मेलेला पक्षी असलेल्या कप्प्यात जिवंत पक्षी शिरायला तयार नसतात.

ऊन पडलं म्हणून त्याच दिवशी ताट काढून टाकू नका. किडे उडायला लागले तरी खंगलेला पक्षी पहिल्या दिवशी शिकार नीट करू शकत नाही. तापमान ५० अंशांच्या वर जाऊन एक पूर्ण दिवस उलटला, पक्षी दूर जाऊन शिकार करताना दिसले आणि ताटातलं खाणं शिल्लक राहायला लागलं, की थांबा.

जूनमधला पाऊस

एप्रिल-मे सरला म्हणजे फ्रीझर रिकामा करायला मोकळे, असं समजू नका. जून १९७२ मध्ये ॲग्नेस वादळाच्या उरलेल्या पावसाने पेन्सिल्व्हेनिया आणि आसपासच्या राज्यांतले मार्टिन, पिल्लांसकट, मोठ्या संख्येने मारले, आणि कित्येक वसाहती त्यानंतर वर्षानुवर्षं ओस राहिल्या. जूनच्या पावसात मोठे पक्षी कसेबसे तगतात, पण पिल्लांना भरवणं सोडून देतात.

मार्टिनची मादी साधारण पाच अंडी घालते, ती पंधरा-सोळा दिवसांत फुटतात, आणि पिल्लं चार आठवड्यांच्या आसपास घरट्यात राहतात. या काळात सलग दोन दिवस पाऊस लागला की ताट भरा. पालक स्वतः खातात आणि चोचीत धरून पिल्लांनाही नेतात. पिल्लं आठवड्याच्या आतली असतील तर रातकिडे अर्ध्या इंचाचे, लहान घ्या आणि अंड्याचे तुकडे वाटाण्याएवढे करा. मोठा रातकिडा घशात अडकतो आणि पालक तो पुन्हा बाहेर टाकून देतात. या दिवसांत ताटात मीलवर्म पूर्ण बंद ठेवा, टरफलांचा चुरा मात्र रोज घाला, हाडं धरण्याचं वय तेच असतं. पिसं फुटलेल्या मोठ्या पिल्लांसाठी मोठे रातकिडे चालतात, फक्त पाय तोडून द्या.